भुईचाफा : सावलीच्या बागेचे वर्षचक्र

महाराष्ट्रातील घरगुती बागांची आखणी प्रामुख्याने उन्हाच्या हिशेबाने केली जाते. गुलाब, मोगरा, जास्वंद, शेवंती, झेंडू ही नित्याची फुलझाडे भरपूर उन्हाची मागणी करतात, आणि त्यामुळे आंब्या-फणसाच्या बुंध्याभोवतालची जागा, दोन इमारतींमधील अरुंद पट्टा, घराची उत्तरेकडील बाजू किंवा वरच्या मजल्याच्या सज्जाने झाकली गेलेली गॅलरी हे भाग एक तर ओसाड राहतात किंवा मनीप्लँटसारख्या एखाद्या वेलीवर सोपवून दिले जातात. या जागांमध्ये उन्हाची फुलझाडे लावण्याचा प्रयत्नही अनेकदा होतो. ती झाडे उंच आणि लुकडी वाढतात, त्यांना कळ्या धरत नाहीत, आणि अखेरीस जागा वाईट आहे असा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक दोष जागेचा नसून निवडीचा असतो, कारण सावली ही वनस्पतिसृष्टीच्या दृष्टीने अपवादात्मक परिस्थिती नाही.

जंगलात आढळणाऱ्या ओषधी वनस्पतींपैकी, म्हणजे लाकडी खोड नसलेल्या लहान वनस्पतींपैकी, फार मोठा वर्ग झाडांच्या छायेतच जन्मतो, वाढतो आणि फुलतो. दाट सदाहरित जंगलाच्या तळाशी वरच्या प्रकाशाचा अवघा १ ते २ टक्के भाग पोहोचतो आणि तरीही तेथील जमीन उघडी नसते. मोसमी पानगळीच्या जंगलातील स्थिती याहून वेगळी असते : हिवाळ्याच्या अखेरीस झाडांची पाने झडतात, उन्हाळ्यात काही काळ ऊन थेट जमिनीपर्यंत येते, आणि पावसाळ्यात पालवीचे छत पुन्हा दाट होऊन खाली मऊ, गाळलेला उजेड उरतो. या दोन अवस्थांच्या तालावर ज्या वनस्पतींनी आपले आयुष्य बेतले आहे, त्यांत आल्याच्या कुळातील अनेक जातींचा समावेश होतो, आणि घरगुती बागेच्या सावलीच्या कोपऱ्यासाठी त्यांतील सर्वांत योग्य अशी एक जात म्हणजे भुईचाफा होय. आकाराने आटोपशीर, एकदा लावला की वर्षानुवर्षे टिकणारा, सुवासिक फुले आणि देखणी पाने या दोन्हींचे दान देणारा हा कंद कोकण-गोव्याच्या परसांत पूर्वापार परिचित आहे. त्याची जोपासना अवघड नाही. मात्र वर्षातील तीन-चार महिने तो पूर्णपणे जमिनीखाली जातो हे ठाऊक नसल्यामुळे तो जितका जगायला हवा तितका बागांमध्ये जगत नाही.

ओळख आणि कूळ

भुईचाफ्याचे शास्त्रीय नाव केम्फेरिया रोटुंडा असे असून त्याचा समावेश झिंजिबरेसी या कुळात, म्हणजे आले, हळद, वेलदोडा आणि सोनटक्का यांच्या कुळात होतो. नावात चाफा असला तरी सोनचाफ्याशी किंवा देवळाजवळ दिसणाऱ्या पांढऱ्या चाफ्याशी त्याचे वनस्पतिशास्त्रीय नाते नाही. झिंजिबरेसी कुळात सुमारे ५० प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचे गट, आणि १५०० हून अधिक जाती आहेत. त्यांतील केम्फेरिया ही प्रजाती बुटक्या, जमिनीलगत वाढणाऱ्या जातींसाठी प्रसिद्ध आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस याने १७५३ मध्ये या वनस्पतीला आजचे शास्त्रीय नाव दिले. डच ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य म्हणून १६९० ते १६९२ या काळात जपानमध्ये राहिलेला जर्मन प्रवासी आणि अभ्यासक एंगेलबर्ट केम्फर (१६५१–१७१६) याच्या नावावरून प्रजातीचे नाव आले आहे.

भारतातील या वनस्पतीची छापील नोंद लिनीअसच्याही आधीची आहे. मलबारमधील डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याच्या पुढाकाराने १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे १२ खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या ग्रंथात ती ‘मलन-कुवा’ या नावाखाली आली आहे. या ग्रंथासाठी वनस्पतींची माहिती पुरवणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पु भट हे कोची येथील कोंकणी वैद्य होते, आणि त्यांचे निवेदन पहिल्या खंडात नागरी लिपीत छापले गेले आहे. दक्षिण चीनपासून म्यानमार, थायलंड आणि भारतापर्यंतच्या विस्तृत पट्ट्यात भुईचाफा आढळतो. परंतु फुलांसाठी आणि औषधी उपयोगासाठी तो इतक्या दीर्घ काळापासून लावला जात आहे की पुष्कळ ठिकाणी त्याचा रानटी आढळ आणि लागवडीतून पसरलेला आढळ वेगळा काढणे कठीण झाले आहे. महाराष्ट्रात तो मुख्यतः अंगणात, परसात आणि कुंड्यांतच दिसतो.

भुईचाफ्याला जमिनीवर खरे खोड नसते. जे खोडासारखे दिसते ते पानांच्या तळांचे एकमेकांत गुंडाळलेले आवरण असते, आणि खरे खोड जमिनीखाली आडवे वाढते. त्याला मूलक्षोड म्हणतात. आल्याचा किंवा हळदीचा कंद हेही मूलक्षोडच आहे. भुईचाफ्याचे मूलक्षोड लहान आणि गोलसर असते व त्यापासून निघणाऱ्या मुळांच्या टोकांना फुगीर, अंडाकार गाठी येतात. या गाठींत पाणी आणि स्टार्च साठवलेला असतो, आणि हाच साठा वनस्पतीला कोरड्या महिन्यांतून तारून नेतो. लागवडीसाठी कंद निवडताना या गाठी शाबूत आहेत की नाहीत हे पाहण्याचे कारण त्यातच आहे. पाने साधारण २० ते ३० सेंटिमीटर लांब आणि ८ ते १० सेंटिमीटर रुंद असतात. त्यांच्या वरच्या बाजूवर फिकट आणि गडद हिरव्या रंगांची नक्षी, क्वचित रुपेरी झाक, तर खालची बाजू जांभळट असते. पानांसह झाडाची उंची बहुधा एक ते दोन फुटांच्या आत राहते.

फुलाची रचना

भुईचाफ्याचे फूल प्रथम पाहणाऱ्यास ते चार पाकळ्यांचे वाटते : दोन पांढऱ्या, उभट पाकळ्या वर, आणि दोन जांभळ्या, रुंद पाकळ्या खाली. प्रत्यक्षात यांपैकी एकही खरी पाकळी नाही. आल्याच्या कुळात फुलाच्या पुंकेसरांपैकी एकच कार्यक्षम, म्हणजे पराग निर्माण करणारा उरलेला असतो, आणि इतर काही पुंकेसर आपले मूळ कार्य सोडून पाकळ्यांसारखे पसरट व रंगीत होतात. अशा पुंकेसरांना वंध्य केसर म्हणतात. भुईचाफ्यातील वरच्या दोन पांढऱ्या ‘पाकळ्या’ हे बाजूचे वंध्य केसर असतात, आणि खालचा जांभळा भाग हा दोन वंध्य केसर जुळून बनलेला ओठ असतो, जो मधोमध जवळजवळ तळापर्यंत चिरलेला असल्यामुळे दोन पाकळ्यांसारखा दिसतो. खऱ्या पाकळ्या तीन असतात. त्या पाच-एक सेंटिमीटर लांबीच्या, अरुंद, पांढऱ्या फितींसारख्या असून रंगीत भागांच्या मागे दडलेल्या राहतात.

फूल हातात घेऊन त्याच्या मध्यभागी निरखून पाहिल्यास आणखी एक बारकावा दिसतो. फुलाची परागवाहिनी, म्हणजे बीजांडकोशाकडे नेणारी लांब नळी, इतकी नाजूक असते की ती स्वतःच्या बळावर उभी राहू शकत नाही. ती एकुलत्या पुंकेसराच्या परागकोशाच्या दोन कप्प्यांमधील खाचेतून वर जाते आणि तिचे टोक परागकोशाच्या किंचित वर डोकावते. मधाच्या शोधात आलेला कीटक प्रथम या टोकाला आणि मग परागकोशाला स्पर्श करतो. असे असले तरी लागवडीतील भुईचाफ्याला बी धरल्याचे फारच क्वचित आढळते, आणि म्हणून त्याची अभिवृद्धी व्यवहारात कंदांच्या विभाजनानेच केली जाते.

प्रत्येक फुलोऱ्यात साधारण चार ते सहा फुले असतात आणि ती एकामागून एक उमलतात. एका फुलाचे आयुष्य जेमतेम एका दिवसाचे असते. सकाळी उमललेले फूल संध्याकाळपर्यंत मलूल होते. जुन्या, भरलेल्या गड्ड्यातून मात्र अनेक फुलोरे पाठोपाठ निघतात आणि त्यामुळे बहर काही आठवडे चालू राहतो. फुलोऱ्याला दांडा जवळजवळ नसतोच. फुले थेट मातीतून वर आलेली दिसतात, आणि त्यांचा मंद, गोड सुवास उकाड्याच्या दिवसांत जमिनीलगत रेंगाळतो.

बारा महिन्यांचा क्रम

भुईचाफ्याच्या जोपासनेतील प्रत्येक सूचना त्याच्या वर्षचक्रातून निघते, त्यामुळे ते आधी समजून घेणे इष्ट ठरते. फाल्गुन-चैत्रात, म्हणजे मार्चच्या सुमारास, उघड्या जमिनीतून कळ्यांची टोके वर येऊ लागतात आणि मेपर्यंत फुलांचा हंगाम चालतो. या काळात झाडावर एकही पान नसते. पळस, पांगारा आणि काटेसावर हे वृक्षही पाने झडल्यावरच फुलतात, आणि भुईचाफाही त्याच मार्गाने जातो : पानांचा आडोसा नसल्याने फुले कीटकांना लांबून दिसतात, आणि फुलण्यासाठी लागणारे अन्न आदल्या पावसाळ्यातील साठ्यातून घेतले जाते. वळवाच्या सरी पडल्या आणि हवेत ओलावा वाढला की गुंडाळलेल्या पानांचे कोंब निघतात. जून ते सप्टेंबर हा पानांचा काळ होय. या चार महिन्यांत पाने सावलीतल्या मर्यादित उजेडावर अन्न तयार करतात आणि ते मूलक्षोडात व मुळांच्या गाठींत साठवतात. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की पाने पिवळी पडू लागतात, नोव्हेंबर-डिसेंबरात ती जमिनीवर लोळतात आणि वाळून जातात. त्यानंतर मार्चपर्यंत वनस्पती सुप्तावस्थेत, म्हणजे वाढ पूर्णपणे थांबलेल्या विश्रांतीच्या स्थितीत राहते.

या क्रमातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. चैत्रातील फुले ही त्या वर्षीच्या पाण्या-खताचे फळ नसून आदल्या पावसाळ्यातील पानांच्या कामाचे फळ असतात. ज्या झाडाची पाने सप्टेंबरमध्ये उन्हाने करपली, गोगलगायींनी कुरतडली किंवा बाग नीटनेटकी दिसावी म्हणून हिरवी असतानाच कापली गेली, ते झाड पुढच्या उन्हाळ्यात फुलेलच असे नाही, आणि उन्हाळ्यात दिलेले खत ती उणीव भरून काढू शकत नाही. म्हणून पाने स्वतःहून वाळेपर्यंत त्यांना हात न लावणे हा भुईचाफ्याच्या जोपासनेतील पहिला नियम मानावा.

सावलीची पारख

सावली हा शब्द बागकामात सरसकट वापरला जातो, परंतु तिच्या प्रकारांमध्ये मोठा फरक असतो. विरळ पानांच्या झाडाखाली दिवसभर हलणारे कवडसे पडतात. इमारतीच्या आडोशाला ऊन येत नाही, पण वरचे आकाश मोकळे असल्याने उजेड भरपूर असतो. आणि दाट आंब्याखाली किंवा बंद चौकात दोन्ही गोष्टी कमी असतात. भुईचाफ्याला पहिले दोन प्रकार उत्तम मानवतात. सकाळचे तास-दोन तासांचे कोवळे ऊन त्याला चालते, किंबहुना फुलांच्या दृष्टीने ते हितकर ठरते. दुपारचे ऊन मात्र त्याच्या पानांना सोसत नाही. सावलीत वाढणारी पाने पातळ व रुंद असतात आणि थोड्या प्रकाशावर काम करण्यासाठी त्यांची घडण झालेली असते. वापरता येईल त्यापेक्षा अधिक प्रकाश पडल्यास पानातील प्रकाशसंश्लेषणाची, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने अन्न बनवण्याची यंत्रणाच दुखावते. पाने आधी आत वळतात, मग त्यांची नक्षी फिकी पडते आणि कडा तपकिरी होतात.

एखाद्या जागेतील उजेड जोखण्यासाठी साधी कसोटी पुरेशी आहे. दुपारी बाराच्या सुमारास त्या जागी जमिनीवर पांढरा कागद ठेवून त्याच्यावर फूटभर अंतरावर तळहात धरावा. सावली गडद आणि रेखीव पडली तर जागा भुईचाफ्यासाठी अधिक उन्हाची आहे. सावलीच्या कडा धूसर पण हाताचा आकार ओळखू येत असेल तर जागा योग्य आहे. आणि सावली जवळजवळ दिसतच नसेल तर तेथे पाने येतील, परंतु फुलांची अपेक्षा ठेवू नये. ही पाहणी पाने असण्याच्या काळात, म्हणजे जून ते सप्टेंबरमधील उघडिपीच्या दिवशी करणे अधिक अर्थपूर्ण ठरते.

उत्तरेकडील गॅलऱ्यांच्या बाबतीत महाराष्ट्राचे भौगोलिक स्थान लक्षात घ्यावे लागते. मुंबई आणि पुणे ही शहरे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊनही उत्तरेच्या भिंतीवर पडते. परिणामी, हिवाळ्यात पूर्ण छायेत असणारी उत्तरेची गॅलरी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, म्हणजे नेमकी भुईचाफ्याच्या फुलांच्या आणि पानांच्या काळात, पुरेशी उजळ असते. पश्चिमेची गॅलरी मात्र दुपारनंतरच्या उन्हामुळे टाळावी.

माती आणि लागवड

जंगलाच्या तळाची माती कुजलेल्या पाल्यापाचोळ्याने भुसभुशीत झालेली असते. ती ओल धरते, पण पाणी साचू देत नाही. भुईचाफ्याला नेमके हेच हवे असते. कोकणातील जांभ्यावरची तांबडी माती निचऱ्याच्या दृष्टीने चांगली असली तरी तिच्यात सेंद्रिय अंश भरपूर मिसळावा लागतो, तर देशावरील काळी माती पावसाळ्यात चिकट होऊन पाणी धरून ठेवते आणि कंद कुजवते. कुंडीसाठी दोन भाग बागेतील माती, दोन भाग पानांचे कुजलेले खत आणि एक भाग भरड वाळू असे मिश्रण घ्यावे. माती काळी असेल तर तिचे प्रमाण निम्म्यावर आणून वाळू वाढवावी. ताजे शेण कधीही वापरू नये. शेणखत पूर्ण कुजलेले, मातकट वासाचे आणि हाताला कोरडे लागणारे असावे.

मुळे फार खोल जात नसल्यामुळे उंच कुंडीपेक्षा पसरट कुंडी योग्य ठरते. दहा-बारा इंच व्यासाच्या आणि सात-आठ इंच खोलीच्या कुंडीत दोन-तीन कंद सुखाने वाढतात. कंद लावण्याचा उत्तम काळ फेब्रुवारी हा आहे, कारण तेव्हा सुप्तावस्था संपत आलेली असते आणि कळ्या अद्याप बाहेर पडलेल्या नसतात. मूलक्षोडाचा डोळा, म्हणजे कोंब फुटण्याचे टोक, वर ठेवून तो मातीच्या पृष्ठभागाखाली तीन-चार सेंटिमीटर राहील अशा बेताने कंद बसवावा आणि गाठी असलेली मुळे न मोडता खाली पसरावीत. जमिनीत लावताना दोन कंदांमध्ये वीतभर अंतर ठेवावे. मोठ्या झाडाखाली लावायचे असल्यास बुंध्याला चिकटून लावू नये, कारण तेथे झाडाची मुळे दाट असतात आणि पाण्याची स्पर्धा तीव्र असते. फांद्यांच्या घेराच्या कडेजवळ मुळे तुलनेने विरळ असतात, तेथे खड्डा घेऊन त्यात वरील मिश्रण भरावे.

पाणी, खत आणि विश्रांती

पाण्याचे प्रमाण दिनदर्शिकेवर ठरवण्यापेक्षा झाडाच्या अवस्थेवर ठरवावे. कळ्यांची टोके दिसू लागली की हलके पाणी सुरू करावे. माती ओलसर राहावी, चिखल होऊ नये. पाने आल्यावर पाणी वाढवावे आणि पावसाने खंड दिल्यास माती पूर्ण सुकू देऊ नये. जुलैच्या आरंभी आणि ऑगस्टच्या मध्यावर प्रत्येक कुंडीला मूठ-दोन मुठी गांडूळखत किंवा कुजलेले शेणखत वरच्या थरात मिसळावे. युरियासारखी नत्रप्रधान खते टाळावीत; त्यांनी पाने मोठी होतात, पण ती लुसलुशीत होऊन किडीला बळी पडतात. सप्टेंबरनंतर खत देऊ नये.

पाने पिवळी पडू लागली की पाणी क्रमाक्रमाने कमी करावे. याच टप्प्यावर सर्वाधिक भुईचाफे मरतात, आणि ते दोन परस्परविरुद्ध कारणांनी. काही घरांत पिवळी पाने पाहून झाडाला पाणी कमी पडले असा समज होतो आणि पाणी वाढवले जाते. पाने नसल्यामुळे झाड ते पाणी वापरू शकत नाही, माती सतत ओली राहते आणि कंद कुजतो. इतर घरांत झाड मेले असे समजून कुंडीतील माती उपसून टाकली जाते किंवा त्याच कुंडीत नवे रोप लावले जाते. वाळलेली पाने दूर करून कुंडी पावसापासून आणि नळाच्या पाण्यापासून सुरक्षित अशा आडोशाला ठेवणे, आणि माती अगदी धुळीसारखी कोरडी होऊ नये म्हणून महिन्यातून एखाद-दोन वेळा पाण्याचा हलका शिडकावा देणे एवढेच या काळात आवश्यक असते. कुंडीवर नाव आणि महिना लिहिलेली पट्टी लावल्यास घरातील इतरांच्या हातून होणारी चूकही टळते. जमिनीत लावलेल्या कंदांभोवती चार दगड मांडून ठेवावेत, अन्यथा हिवाळी फुलझाडांसाठी वाफा खणताना ते कुदळीखाली येतात.

अतिथंड प्रदेशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही भुईचाफा कुंडीत जोपासता येतो, कारण ज्या महिन्यांत तेथे बर्फ पडतो त्या महिन्यांत त्याला उजेडाची गरज नसते. पाने वाळल्यावर कुंडी घरात, गारठ्यापासून दूर आणि कोरडी ठेवावी, आणि वसंतात हवा उबदार झाल्यावर बाहेर काढावी. अमेरिकेच्या उष्ण दक्षिण भागात केम्फेरियाच्या अनेक जाती सावलीच्या वाफ्यांसाठी मुद्दाम लावल्या जातात, कारण थंड हवेत सावलीसाठी लोकप्रिय असलेला होस्टा तेथील उष्णतेत तग धरत नाही.

विभाजन आणि निगा

तीन वर्षांनंतर कुंडी कंदांनी भरून जाते आणि फुले कमी होतात. तेव्हा फेब्रुवारीत गड्डा बाहेर काढून त्याचे विभाजन करावे. माती झटकल्यावर प्रत्येक तुकड्याला किमान एक ठसठशीत डोळा आणि दोन-तीन गाठीदार मुळे येतील अशा रीतीने धारदार, स्वच्छ सुरीने भाग करावेत. कापलेल्या बाजूला चुलीची राख लावून तुकडे दोन दिवस सावलीत सुकू द्यावेत, म्हणजे जखम कोरडी होते आणि बुरशी शिरत नाही. फार लहान तुकडे केल्यास पहिल्या वर्षी फक्त पाने येतात, आणि फुलांसाठी पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहावी लागते.

भुईचाफ्याला कीड-रोगांचा त्रास फारसा होत नाही. कंदकूज हा त्याचा मुख्य शत्रू असून त्यावर निचरा हाच उपाय आहे. कुजलेला, मऊ पडलेला आणि आंबूस वास येणारा भाग निरोगी भागापर्यंत कापून टाकावा. पावसाळ्यात गोगलगायी आणि शेंबड्या पानांना भोके पाडतात. त्या रात्री बाहेर पडत असल्यामुळे सायंकाळनंतर विजेरीच्या उजेडात वेचून काढणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. पानाची कड दुमडून चिकटवलेली दिसली तर आत हिरवट अळी असण्याचा संभव असतो. हळद, सोनटक्का आणि भुईचाफा यांच्या पानांवर वाढणाऱ्या ‘ग्रास डेमन’ या फुलपाखराची ती अळी असते. तिने पाच-सहा पानांपैकी एखादे खाल्ले तर झाडाचे मोठे नुकसान होत नाही, आणि पांढऱ्या ठिपक्यांचे ते काळसर फुलपाखरू बागेत हवे असेल तर एवढे पान तिच्यासाठी सोडावे.

भुईचाफा हिवाळ्यात दिसेनासा होत असल्याने त्याच्या शेजारी बारमाही हिरवी राहणारी सावलीची झाडे असावीत. नेचे, बेगोनिया आणि मरांता ही त्याची चांगली सोबत आहे. मात्र हिवाळ्यात नेच्यांना घातले जाणारे पाणी भुईचाफ्याच्या कंदांपर्यंत पोहोचू नये म्हणून त्याची कुंडी स्वतंत्र ठेवून ती वाफ्यात अर्धी पुरणे सोयीचे पडते. पोफळीच्या आगरात किंवा सोनचाफ्याच्या छायेत त्याचे ताटवे केल्यास चैत्रात जमीन जांभळ्या-पांढऱ्या फुलांनी आणि पावसाळ्यात नक्षीदार पानांनी झाकली जाते.

कंद कोठून घ्यावेत

रोपवाटिकांत भुईचाफ्याचे कंद मिळतात, पण खरेदी करताना थोडी सावधगिरी हवी. केम्फेरिया गॅलंगा ही जवळची जात कधीकधी त्याच नावाने विकली जाते. तिची गोलसर पाने जमिनीला चिकटून पसरतात, आणि तिची पांढरी, जांभळ्या ठिपक्याची लहान फुले पानांसोबतच येतात. ती जातही सावलीसाठी चांगली आहे, परंतु चैत्रातील उघड्या जमिनीवरच्या फुलांची अपेक्षा ठेवून ती घेतल्यास निराशा होईल. खात्रीचा मार्ग म्हणजे फुले आलेली असताना झाड पाहून ठेवणे आणि फेब्रुवारीत त्याचा कंद मागून घेणे.

फुलांच्या मोहाने जंगलातून किंवा सड्यांवरून कंद उकरून आणणे मात्र पूर्णपणे टाळले पाहिजे. सह्याद्रीत कंदांवर जगणाऱ्या अनेक वनस्पती अतिशय मर्यादित क्षेत्रात आढळतात. कंदीलपुष्पांच्या काही जाती तर जगात अन्यत्र कोठेही सापडत नाहीत, आणि अशी वनस्पती मुळासकट काढली की तेथील तिचे अस्तित्वच संपते. मूळ अधिवासाबाहेर त्या बहुधा जगतही नाहीत. भुईचाफ्याच्या बाबतीत अशी उचलाठेव करण्याची गरजच नाही, कारण तो शतकानुशतके माणसांच्या हातून, एका अंगणातून दुसऱ्या अंगणात गेला आहे, आणि एका गड्ड्यातून तीन वर्षांत चार घरांना पुरतील इतके कंद निघतात.

ज्या घरांत सावलीचा कोपरा रिकामा आहे, त्यांनी येत्या फेब्रुवारीत परिचितांकडून भुईचाफ्याचा एक कंद मागून घ्यावा, पावसाळ्यात त्याची पाने जपावीत आणि हिवाळ्यात रिकामी दिसणारी ती कुंडी फेकून देऊ नये. ज्यांच्याकडे तो आधीपासून आहे, त्यांनी विभाजनाच्या वेळी निघालेला वाढीव कंद केराच्या ढिगात न टाकता शेजारी द्यावा, आणि देताना तो हिवाळ्यात झोपतो एवढी माहिती त्याच्यासोबत अवश्य द्यावी.